साडेबारा ते तीन

उम्म अल कुवैनच्या खाडीलगत, गोदामाच्या गच्चीवर
आमची थाळी. सव्वा मीटर.
हमदान साहेब निवृत्त, आयुष्यभर रडारवर बसलेले.
मी एसीवाला. नटबोल्ट माझ्याकडे.

पहिली थाळी चकचकीत होती, मीच घासूनपुसून केलेली.
सूर्याकडे वळवली, आणि दोन मिनिटांत
मधल्या शिंगाचं प्लॅस्टिकचं टोपण वितळून गळलं.
साहेब हसले. उजेड नकोय रे आपल्याला.
मग भिंतीला मारतात तसला खरखरीत पांढरा रंग मारला.
उजेड विखरू दे कुठेही;
तीन मिलिमीटरच्या लाटेला खडबड कळत नाही.

जूनभर काही दिसेना.
हवा ओल्या फडक्यासारखी,
थाळीला अख्खं आभाळच ऊन लागायचं.
"मधे पाणी आहे," साहेब म्हणायचे.
मला राजापूरचे काका आठवायचे,
पहाटे तांब्याच्या धारेतून सूर्य बघणारे.
त्यांना काय सांगू?

मग शमाल सुटला. कोरडा, धुळीचा.
डोळ्यांना सूर्य म्हणजे फिकट पिवळी चकती,
थाळीला मात्र लख्ख.
थाळी थांबवायची, सूर्य आपला समोरून जातो.
तीन मिनिटं. रेघ चढली,
वर सपाट चालत राहिली, मग उतरली,
थेट आमच्याकडच्या सड्यासारखी.
"सहा-सात हजार," साहेब पुटपुटले,
"डोळ्याला दिसतो त्याच्या वरचा थर."

दुपारी उन्हातली कामं बंद, सरकारी नियम.
आमचं हे काम नव्हे, म्हणून चालतं.
सावलीत निजलेले चौघे जिना चढून वर आले,
काय बघता म्हणून.
साहेबांनी मापासाठी माझा हात शिंगासमोर धरला.
रेघ इवलीशी उचलली गेली.
हातातूनही निघतं? तेच?
तेच. तीनशेच्या आसपास.

मग प्रत्येकाला हात धरायचा होता.
मुर्शेदचा हात बर्फाच्या बाटलीवरून आलेला,
त्याची पायरी जरा खाली बसली;
सगळे त्याला मेलेला म्हणून हसले.
सूर्याच्या मापात या पायऱ्या दिसतच नाहीत,
कागद पुष्कळ मोठा करावा लागतो.

तीन वाजले. भोंगा झाला. ते उतरू लागले.
साहेब वहीत तारीख, वेळ, नावं लिहीत होते;
तिसरं नाव त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.
कठड्यावरून वाकून
त्यांनी ते पुन्हा विचारलं.