उभं अंतर

शलाकाने फोनवर सांगितलं,
सिंगापूर ते फ्रँकफर्ट दहा हजार तीनशे किलोमीटर.
साडेबारा तास, कधी तेरा,
वाऱ्यावर असतं.
मी म्हणालो, कोणत्या वाऱ्यावर?
वरचा वारा वेगळा असतो बाबा, म्हणाली.

असेल.

मी भंडारा रोड साखळीने मोजलाय.
पुढच्या टोकाला दौलत सोनटक्के,
मागच्या टोकाला मी,
मधे तीस मीटर ऊन.
मौद्याला पोचायला अकरा दिवस लागले होते,
त्यातला एक दौलतच्या तापात गेला.
मौदा किती लांब, असं कोणी विचारलं
की अजून माझ्या तोंडात आधी तो ताप येतो,
मग आकडा.

लोक झिरो माइलपाशी फोटो काढतात,
इथूनच सगळं मोजतात म्हणे.
आमचं मोजणं खात्याच्या गोदामाच्या
फाटकापासून सुरू व्हायचं.

तर काल रात्री तिचं विमान नागपूरवरून जाणार होतं.
थांबत नाही?
नाही बाबा, नुसतं वरून जातं.

त्रिमूर्तीनगरची गच्ची, पाण्याची टाकी,
टेंभरेंच्या वाळत घातलेल्या चादरी.
फोनमध्ये पिवळं विमान, माशीएवढं.
समुद्र संपवून ते जमिनीवर आलं,
गडचिरोलीचं जंगल मिनिटांत मागे टाकलं.
तिथल्या एका पुलाला मी चार पावसाळे दिलेत.

विमानाच्या खाली बारीक अक्षरात उंची होती :
छत्तीस हजार फूट.

फूट म्हटल्यावर मी सरसावलो.
फूट मला कळतात.
मनातल्या मनात भागाकार केला, दोनदा केला.
अकरा किलोमीटर. थोडे कमीच.

म्हणजे आमच्या घरापासून इंदोरा चौक.
तिथे विमलची बहीण राहते.
ऑटोवाला दोनशे मागतो, विमल दीडशे टेकवते
आणि उतरेपर्यंत त्याच्याशी भांडते.

सहा वर्षांत पोरगी इतक्या जवळ आली नव्हती.

विमल मागून जिना चढून आली, हातात टॉर्च.
कुठं हाय?
मी बोट दाखवलं. एक लाल ठिपका,
लुकलुकत, आवाज मागे ठेवून चाललेला.
तिने टॉर्च वर धरला आणि हलवला.
मी म्हणालो, एवढ्या वरून दिसत नाही काही.
मग तुमच्या दगडावरचे आकडे
रातच्याले कोण पाह्यते? म्हणाली,
आणि हलवतच राहिली,
ठिपका टाकीमागे जाईपर्यंत.

सकाळी मेसेज आला.
पोचले. झोप लागली होती, नागपूर कधी गेलं कळलंच नाही.

जुनं फील्डबुक काढलं, मागे चार पानं कोरी होती.
वेळ : एक बावन्न.
अंतर : अकरा किमी, उभं.
शेरा : विमलचा गुडघा दुखत होता,
तरी वर आली.