गळतीचं पद

मेसाईदच्या खत-कारखान्यात
उणे तेहतीसवर निजलेला असतो अमोनिया,
टाक्याच्या टाक्या, जहाजांची वाट बघत.
आणि इथे, दोहात, चाळीस किलोमीटरवर,
मी एका जिवाणूला
त्याच अमोनियावाचून उपाशी ठेवलंय.
संगणकात.

सात समीकरणं.
ग्लुटामिन घटलं की एक प्रथिन
दुसऱ्याच्या कानाला लागतं,
दुसरं तिसऱ्याकरवी
विकराच्या पाठीवरची 'बंद'ची पाटी उतरवतं
आणि विकर कामाला लागतं:
एकेक रेणू धरायचा,
दर रेणूमागे एक एटीपी मोजायचा.
उधारी नाही.

पण माझा जिवाणू गुटगुटीत.
प्रयोगशाळेतला, खरा,
त्याच दुष्काळात रोडावलेला.
तीन आठवडे स्थिरांक बदलत बसले,
मग स्वतःचं गणित, मग चष्मा.

गुरुवारी परकार आले, मुजफ्फर परकार,
दापोलीकडचे, एकोणीस वर्षं युरिया प्लांटवर.
डब्यात स्वतः केलेलं सांदण,
शर्टाला तो वास, धुऊनही न जाणारा.
पडद्याकडे बघून म्हणाले,
"ह्यो आत घेतलेला अमोनिया
आतच ऱ्हातो असा धरलास तू?
गास्केट नवा असला तरी भायेर येतो तो.
आमी नाकाने मोजतो."

मी हसले.
सांदण अर्धं टाकून उठले.

आठवं समीकरण एका ओळीचं, सुरुवातीलाच उणे.
दारातून ओढून आणायचं,
भिंतीतून निसटू द्यायचं,
पुन्हा ओढायचं, पुन्हा मोजायचं.
रात्री दीडला वक्ररेषा खाली उतरली
आणि मांजरासारखी
ठिपक्यांवर अंग टाकून बसली.

मग मला राहवेना.
चाळिसाव्या मिनिटाला भरपूर अमोनिया ओतला,
दार लावणारं प्रथिन काढून टाकून.
भुकेला सरावलेलं विकर थांबेचना.
ग्लुटामेट खरवडून संपवलं,
एटीपी संपवलं,
आणि जिवाणू बसला
भरल्या ताटावर, मरून.

परकारांना हे फोनवर सांगितलं.
बराच वेळ मागे कुठेतरी पंखा घरघरत राहिला.
"आनि दार लावनारा असला तर?
किती येळात लागतं?"
काही सेकंदांत, मी म्हटलं.

"आमचा व्हॉल्व नऊ घेतो,"
ते म्हणाले,
आणि शिफ्टची बस आली म्हणून
फोन ठेवला.