खंड

सीबीएससमोर, कोर्टाच्या भिंतीला टेकून
निरभवणेकाकांचं टेबल, टाइपरायटर, काळी छत्री.
स्टँपपेपर रुळात सरळ बसवत विचारतात,
"शिक्षणात खंड किती वर्षांचा?"
"चौदा."
"मुलाचा की मुलीचा?"
"माझा."

चष्म्यावरून बघतात.
"चौदा म्हणजे वनवासच की ताई. तोही आपल्या नाशकात."
पंचवटीच्या गावात हा विनोद
प्रतिज्ञापत्राबरोबर फुकट मिळतो.
वनवास नव्हता हो. पगार होता,
साडेचार हजारांपासून सुरू.

मजकूर त्यांना पाठ आहे.
सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात
प्रवेश घेतलेला नाही. मी घरीच होते.
"घरी नव्हते, काका."
"मॅटर तेच असतं. बदललं तर पन्नास जास्त."

घरी नव्हते.
पहाटे साडेपाचला स्कूटीच्या पायाशी बर्फाची पेटी,
गंगापूर रोडचे बंगले, सातपूरच्या चाळी,
उपाशीपोटी दार उघडणारी माणसं.
शीर दिसत नसेल तर डोळे ताणायचे नसतात,
बोटाला विचारायचं.
तान्ह्या बाळाच्या हातावर मनगटामागे एक असते,
त्याच्या आईलाही माहीत नसलेली.

एका दुपारी भिंगाखाली
अंबडच्या कुणा फिटरच्या रक्तात
नको त्या पेशी दिसल्या, कोवळ्या, गर्दीने.
काचेपलीकडून त्याची बायको म्हणाली,
"ताई, बरं आहे ना?"
मी म्हटलं, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल.
त्या रात्री मात्र भाकरीबरोबरही
ते खाली उतरलं नाही.

मग कॉलेज रोडचा क्लास, शेवटचा बाक.
पहिल्या दिवशी शेजारचा तन्वेश भामरे
मला शिक्षिका समजून उभाच राहिला.
दिवाळीपर्यंत तो माझ्या वहीतून
रक्ताभिसरण उतरवत होता
आणि मी त्याच्याकडून घर्षण.
फिजिक्स. बारावीत बेचाळीस.
त्या बेचाळिसाची नि माझी ओळख
लग्नाच्याही आधीची.

पहिल्या खेपेला दोनशे बारा.
दुसऱ्या खेपेला तीनशे एक्क्याऐंशी.
तिसऱ्या वर्षी आकडा असा आला
की पेढे वाटायला लाज वाटावी
आणि सोडून द्यायला जीव होऊ नये.
यादी लागली, नाव नाही.
पुन्हा लागली, नाही.
शेवटच्या फेरीत कुणीतरी न घेतलेली एक जागा,
एसटीने आठ तास दूर.

लॅबचे चांदवडकर सर म्हणाले, "अभिनंदन."
पाच मिनिटांनी परत आले,
"सोमवारी लहान मुलांचं कोण बघणार?"
नवऱ्याने काहीच विचारलं नाही.
वरणाला शिट्ट्या किती, भाताला किती,
एवढं एका जुन्या पाकिटामागे लिहून घेतलं
आणि फ्रिजवर चिकटवलं.

"मग काय टाइप करू?" काका थांबलेत.
मी सांगते: सदर कालावधीत
मी लोकांचं रक्त काढत होते.
ते तीन शब्द मारतात, आणि खो खो हसतात.
"नोटरी सही करेल का यावर?"
खाडाखोड नको म्हणून नवा कागद.
मी घरीच होते, मी घरीच होते.
सही करते. शिक्का
नेमका 'घरीच'वर पडतो, जांभळा, फाकलेला.

पैसे मोजताना ते खण ओढतात.
चार घड्यांचा कागद. आमच्याच लॅबचा,
कोपऱ्यात माझी आद्याक्षरं, मार्चमधली.
"बघा ना जरा. शुगर काय म्हणते?"

ते वाक्य जिभेवर आलंच, सवयीने.
डॉक्टर मी अजून नाही.
साडेपाच वर्षं आहेत, तीही सगळं सरळ गेलं तर.
कागद उन्हाकडे धरला,
आणि विचारलं,
"काका, रक्त द्यायच्या आधी चहा घेतला होता?"

"अर्धाच," ते म्हणाले.