तीस किलो

सोहारला आमचं पुस्तकांचं कपाट
शिंप्याच्या दुकानामागे आहे,
इस्त्रीच्या वाफेत, पांढऱ्या दिशदाशांच्या रांगेआड.
शुक्रवारी नमाज होऊन रस्ते पुन्हा हलू लागले
की एकेक जण येतो, चपला काढतो,
आणि आधी चहा मागतो.

नियम एकच. मी केला नाही, होत गेला.
"वाच, छान आहे" एवढं इथे चालत नाही.
सांगायचं, विमानाच्या तीस किलोंत
हे पुस्तक बसवायला काय काढलंस.

प्रमिला ओव्हाळ, बर्न वॉर्डची सिस्टर,
म्हणाली, कुरडया. दीड किलो.
विमानतळावर डबा भावाकडे परत देताना
त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.
पुस्तक त्वचेवरचं:
कातडी स्वतःला कशी विणते, कुठे विणायची विसरते.
"रात्रपाळीला वाचा, आणि मग स्वतःचा हात बघा."
आम्ही तिथेच बघितले.
कोठारकरांनी जरा जास्त वेळ.

कोठारकर बंदरावर क्रेन चालवतात.
त्यांनी इतिहास आणला, जाडजूड, बंदरांचा,
आटवलेल्या आंबारसाच्या दोन बाटल्या काढून.
"वरून मला रोज दिसतं तेच आहे यात," म्हणाले,
"तांबं चाललंय, तांदूळ येतोय,
आणि मोजणारा कारकून
तेव्हाही जेवायला गेलेला."

टिकेकर हिशेबनीस. त्यांचं अर्थशास्त्र चारशे ग्रॅमचं.
काहीच काढावं लागलं नाही म्हणाले.
मग आम्ही विश्वास कसा ठेवायचा?
ते गोरेमोरे झाले. चष्मा पुसला.
"अहो, तुम्ही दर शुक्रवारी जे विचारता
तेच यात दोनशे पानं सांगितलंय.
वस्तूची खरी किंमत म्हणजे
तिच्यासाठी जे सोडलं, ते."
"मग माझ्या कुरडयांची किती?" प्रमिलानं विचारलं.
टिकेकरांनी शेवटची सूची उघडली
आणि खरंच, 'क' शोधू लागले.

बशीर मुकादम, दाभोळचे. सव्वीस वर्षं पाण्याचा टँकर.
डोळे अधू झालेले, म्हणून कादंबरी मी वाचायचो,
ते ऐकायचे, टँकरच्या केबिनमध्ये, नळी भरेस्तोवर.
खाडीपल्याड दिवा लावणाऱ्या एका बाईची गोष्ट.
विसाव्या पानावरच म्हणाले, "ही खोटं बोलते रे."
मी म्हटलं, थांबा की.
"थांबलोय. पण बोलते."
आणि कपाटापाशी येऊन सगळ्यांना बजावायचे,
"हे वाचा. मी एकशेबारावर आहे."

मार्चमध्ये त्यांचा व्हिसा संपला, कायमचा.
माझ्या काट्यावर बॅग लावली: एकतीस किलो नऊशे.
दूध पावडर काढली, परत घातली.
खजूर हलवले, तिथेच ठेवले.
मग ते ब्लँकेट ओढलं, गुलाबांचं, दुपदरी,
सुनेसाठी हप्त्यानं घेतलेलं,
आणि त्या जागी कादंबरी सारली.
"पुढचं नात वाचील. घाई असते तिला,
पण अक्षर सोडत नाही."
मी काही बोललो नाही.
त्यांच्याशिवाय पुढे वाचायचं नाही असं कबूल केलेलं,
म्हणून मीही एकशेबारावरच होतो.

आता कपाटात, बंदरं आणि कातडी यांच्या मधे,
घडी घातलेले गुलाब आहेत.
एसीच्या दिवसांत कोठारकर नेतात,
वहीत रीतसर लिहून: ब्लँकेट, एक नग, परत पंधरा दिवसांत.

काल दाभोळला फोन लावला. उचलला, पण बोलले नाहीत.
मागे एक पोरगी भराभर वाचत होती,
वारा, दिवा, होडी,
मधेच खोकला, मधेच पान उलटल्याचा आवाज.
"बशीरचाचा, कितव्या पानावर?"
"गप," म्हणाले, "ऐक."
कार्डातले पैसे संपेपर्यंत ऐकलं.