तोंडदेखलं

फेरिदूनची चव गेली त्याला हा तिसरा हिवाळा.
तापातून उठला, चहाचा घोट घेतला,
म्हणाला, "नेझिहे, हे नुसतं गरम आहे."

आणि वर्तमानपत्रात दर शुक्रवारी त्याचा रकाना:
गावोगावच्या साध्या खाणावळी,
चार टेबलं, डुगडुगती खुर्ची, पाचपैकी किती तारे.
तेव्हापासून जीभ माझी, नाव त्याचं.
संपादकाला माहीत नाही.
आमच्या मुलालाही नाही.

कायसेरीत मांती खाल्ली.
नखाएवढ्या पुरचुंड्या, आत खिम्याचा कण,
एका चमच्यात चाळीस मावल्या तर सून पास, म्हणतात.
मी मोजल्या. एकोणतीस.
दह्यात लसूण दांडगा होता.
"कसं आहे?"
"बरं आहे," मी म्हणाले.
छापून आलं: 'सासू समजूतदार असेल तर साडेतीन.'

मी जमीन-नोंदणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली,
हद्द सोडून बोलायची सवय नाही.
माझ्या 'बरं आहे' मधून
हा माणूस अर्धं पान कसं भरतो
हे मी विचारलं नाही.

एदिर्नेत कलेजी, कागदासारखी पातळ,
वर तळलेली अख्खी लाल मिरची.
ती मी शहाणपणा करून चावले.
माझ्या डोळ्यांतलं पाणी
रकान्यात 'रडवणारा पाहुणचार' म्हणून गेलं. चार तारे.

एर्झुरुममध्ये उणे अठरा.
बसतळावरच्या टपरीत दातांत साखरेचा खडा धरून
त्यावरून चहा ओढायचा.
हे त्याला आवडलं. खडा फुटतो तो
ऐकू येतो.

मग सामसून, बंदरामागची गल्ली.
सिदिकाबाईंनी खाणावळ उघडून अकरा दिवस झालेले.
अंगावर नवऱ्याचा एप्रन, कमरेशी दोनदा दुमडलेला,
आणि दारात उभ्या राहून त्या
स्वच्छच असलेली काच पुसत होत्या.
पांढरा घेवडा बुडाला लागला होता.
लागला म्हणजे चांगलाच.
मी मोठ्याने म्हणाले, "वा, छान!"
पावाने ताटली लख्ख केली.
पोऱ्याने न विचारता दुसरी आणून ठेवली,
तीही संपवली.

रात्री तो दोन बोटांनी टाइप करत होता,
मी सोड्याचं पाणी पीत होते,
मनात म्हटलं, चार तारे. नाहीतरी साडेतीन.

शुक्रवारी वाचलं:
'घेवडा करपलेला. बायकोने दोन ताटल्या संपवल्या.
ती खोटं बोलते तेव्हा पावाने ताटली फार पुसते.
दोन तारे.
पण जा. अकराच्या आत जा,
तेव्हा तळ अजून शाबूत असतो,
आणि काच तर इतकी स्वच्छ
की समुद्र टेबलावर आल्यासारखा वाटतो.'

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
जुनी कात्रणं काढून बसले.
'मीठ विचारात पाडतं.'
'सूप पहिल्या चमच्याला भुवई उचलायला लावतं.'
'हलव्यापाशी माणूस आईकडे जाऊन येतो.'
भुवई कुणाची?
आईकडे कोण गेलं होतं?
सगळ्या देशाने दर शुक्रवारी
माझं तोंड वाचलं होतं,
आणि मी समजत होते, त्याला फक्त
माझा शब्द ऐकू येतो.

आज अदाना. निखाऱ्यांचा धूर, सुमाकातला कांदा,
जांभळ्या सलगमाचं आंबट पाणी.
मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसले,
भिंतीकडे बघत. म्हटलं, लिही आता.

तो काही बोलला नाही.
उठला, खुर्ची उचलली,
वेटरला वळसा, टेबलाला वळसा,
आणि समोर येऊन बसला,
कोपरं टेकून, चष्मा पुसून.

"खा ना," म्हणाला,
"मला भूक लागलीय."