हाईमकाकांची पुढची खोली

आमच्या मंडळीला तेव्हा छप्पर नव्हतं.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत अकरा माणसं,
एक हार्मोनियम, त्याचाही वरचा सा मुका.
आई आजारी, आमच्या घरात औषधांचा वास.
गार्ड हाईम किहीमकर म्हणाले,
'माझी पुढची खोली रविवारी रिकामीच असते.'

शुक्रवारी सांजेला रिवकाकाकू काचेच्या पेल्यात
पाण्यावर खोबरेल सोडून वात लावायच्या.
काका भिजल्या मनुका पिळून
त्या रसावर काही पुटपुटायचे, घोट घोट वाटायचे.
रविवारी त्याच स्टुलावर
बाबा द्राक्षरस ठेवायचे,
प्याला काकूंच्याच कपाटातला.

चौकटीला तिरकी ठोकलेली पितळी नळी.
काका येता-जाता तिला बोटं लावून ओठांशी नेत.
आम्ही पोट्टे उड्या मारायचो,
कोणाचा हात पोचतो म्हणून.

उपासनेच्या वेळी काका आत चहा उकळत.
बाबा सांगत : पहिल्या मंडळ्या अशाच घरांत भरल्या,
शब्बाथ पाळून दुसऱ्या दिवशी
भाकर मोडणारी माणसं ती.
स्वयंपाकघरातून आवाज येई,
'पाळकसाहेब, आमच्यातलीच पोरं होती की सगळी!
आणि हालेलूयाचा ह जरा पोटातून काढा.'

मी एकदा विचारलं, मग आपण वेगळे कधी झालो?
'सांधा बदलला की मागच्या डब्यात कळत नाही, बाळा.
हेलकावा बसतो, तांब्यातलं पाणी हिंदकळतं.
नंतर खिडकीतून बघावं,
तर दुसरा रूळ लांब गेलेला.'

पुढे चर्च झालं. आधी पत्र्याचं, मग सिमेंटचं.
कोनशिलेवर सत्तावीस नावं.
काकांनी ती चष्मा लावून सगळी वाचली,
म्हणाले, अक्षर छान कोरलंय.

काकू गेल्या त्या मे महिन्यात
पारा सत्तेचाळीसवर होता.
त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
एक कामठीहून आला, दोघे कारखान्याच्या वसाहतीतून,
काका धरून चार.
बाबा आणि आमच्यातले पाच जण
डोक्याला रुमाल बांधून भिंतीशी उभे.

काकांनी मोजलं. चारपाशी थांबले.
भिंतीकडे बघत राहिले बराच वेळ,
आणि मोजणं तिथंच टाकून म्हणायला लागले.

आम्हाला त्यातला एकच शब्द येत होता.
तो आला की सगळे एकदम म्हणत होतो : आमेन.
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.
कोणी उठलं नाही.