उन्हातल्या खुर्च्या

ग्वाल्हेरला, लष्करात, वाचनालयाच्या मागल्या अंगणात
पौषातलं ऊन साडेदहाला उतरतं
आणि बाराला बँकेच्या इमारतीमागे जातं.
खुर्च्या सहा.

आठ वाजता, धुक्यात, कुणी नसतं तेव्हा
वस्तू येऊन बसतात:
चष्म्याचं घर,
गजकाचा रिकामा डबा,
परवाचं वर्तमानपत्र, त्यावर विटेचा तुकडा.
फाळकेसाहेब तर काठीच आडवी ठेवतात
आणि काठीवाचून घरी जातात,
भिंत धरत धरत.

कुणी काही उचलत नाही.
असा नियम कुठे लिहिलेला नाही.
लिहिलेल्यांचं काय,
‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाटीखालीच
चपलांचा ढीग असतो.

काल मी उचलला.
राखाडी मफलर,
पाऊण तास एकटाच ऊन खात होता.
घडी करून मांडीवर घेतला. बसलो.

सव्वाअकराला शितोळेबाई आल्या.
“बसा हो, बसा. मी काय, उभी राहीन.”
आणि उभ्या राहिल्या
बरोब्बर माझ्या आणि उन्हाच्या मध्ये,
शेंगा सोलत.
टरफलं माझ्या बुटांवर.
डावा गुडघा गार पडत चालला.
बाकीचे पाचही जण
एकदम वाचायला लागले.

शेवटी उठलो, मफलर पुढे केला.
बाई म्हणाल्या,
“हा कुठे माझा?
माझी पिशवी होती इथे, निळी.
ती खाली कुणी ठेवली?”

फाळकेसाहेबांनी पान उलटलं,
मग पुन्हा तेच पान
परत उलटलं.
त्यांचा गळा उघडा होता.

ऊन तोवर
बँकेच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला टेकलेलं.